तुम्ही विचारलंत म्हणून: 'एकोज'च का?

पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड कुठून ऐकायला सुरू करू, असं कुणी विचारलं की मी 'एकोज' हातात ठेवतो. २००१ साली आलेली, दोन सीड्यांची, २६ गाण्यांची निवड. त्यावर दुसरा प्रश्न ठरलेला, जरासं नाक मुरडून: "तुम्ही एवढे फ्लॉइडवाले, आणि 'बेस्ट ऑफ' देता?" वीस वर्षं हसून वेळ मारून नेली. आता एकदाचं सांगून टाकतो.

नाक मुरडणाऱ्यांत मीही होतो, आणि चांगला तारस्वरात. 'डार्क साइड' या अल्बममधून 'टाइम' हे गाणं उचलून दुसरीकडे चिकटवणं म्हणजे ख्याल टाकून नुसती तान ऐकणं, हे वाक्य माझंच. ते मी कट्ट्यावर फेकायचो तेव्हा घरी माझ्याकडे फ्लॉइडचं एवढंच होतं. पहिल्या पगारातून घेतलेलं 'एकोज'. हे कुणाला माहीत नव्हतं.

मग ती कोथरूडची रात्र. एका सरांकडे रेकॉर्ड प्लेअर होता, आम्ही सहा-सातजण सतरंजीवर. त्यांनी 'मेडल' या फ्लॉइडच्या मूळ अल्बमची रेकॉर्ड काढली, दुसरी बाजू लावली. माझ्या सीडीला ज्याचं नाव आहे ते 'एकोज' गाणं ती अख्खी बाजू व्यापतं, साडेतेवीस मिनिटं. सुरुवातीचा तो 'टिंग', बँडच्या रिक राइटच्या पियानोचा एकच सूर, लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून पाण्याखालून आल्यासारखा. मी डोळे मिटले. हे तर माझं पाठ होतं! मधे त्या किंचाळ्या सुरू झाल्या. गिटारवाल्या गिल्मोरने वा-वा पेडलच्या, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायपट्टीच्या, वायरी उलट्या जोडून काढलेल्या. तेव्हा मी बोट वर केलं आणि हलक्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "आता बघा, टिंग येईल."

आला नाही.

बोट वरच. किंचाळ्या चालूच, वारा चालूच. एकाने डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी बोट खाली घेतलं, पण मानेने मात्रा मोजत राहिलो, जणू ते बोट त्यासाठीच होतं. कान तापले होते. टिंग आला तोवर माझ्या हिशेबाने गाणं कधीच पुढे सरकायला हवं होतं. बाजू संपली, सुई उचलली गेली, आणि सरांनी अगदी साधेपणाने विचारलं, "तुझी कॉपी कुठली रे?"

माझ्या कॉपीत ते गाणं साडेसोळा मिनिटांचं आहे. सात मिनिटं कापलेली. मला त्या रात्रीपर्यंत पत्ता नव्हता. सरांनी थट्टा केली असती तर बरं झालं असतं. घरी येऊन सीडी कपाटाच्या मागे टाकली आणि वर्षभर एकेक मूळ अल्बम जमवत बसलो. त्यातला 'उमागुमा' आजतागायत एका बैठकीत संपलेला नाही. हेही कुणाला सांगितलं नव्हतं.

मग परत 'एकोज' का काढलं? कारण ते सालवार नाही. ही खोड आहे असं आधी वाटायचं. १९६७च्या 'ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी'ने सुरुवात, आणि शेवटी १९९४च्या 'हाय होप्स'ची घंटा विरते तोच परत १९६७, बँडचा सुरुवातीचा गायक-गीतकार सिड बॅरेट, त्याचं 'बाइक'. ध्वनिमुद्रक जेम्स गथ्रीने गाणी अशी सांधली आहेत की एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात. ज्या सिडला १९६८ साली बँडमधून बाहेर काढलं, त्याची पाच गाणी दोन्ही सीड्यांवर पेरलेली. दार त्यानेच उघडायचं, त्यानेच लावायचं. १९७५ साली 'शाइन ऑन' गाण्याचं काम चालू असताना हाच माणूस ॲबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला होता, भुवया काढलेल्या, सुटलेला, आणि बँडवाल्यांना आधी ओळखूच आला नाही. सुटे अल्बम ऐकताना सिड मागे पडतो, मग आठवण होतो. इथे तो पडतच नाही.

हे म्हणतोय खरं, पण 'ॲटम हार्ट मदर' या अल्बममधलं एकही गाणं यात नाही, 'ॲनिमल्स'मधलं एकच, आणि त्या सात मिनिटांना माझ्याकडे अजून उत्तर नाही. कधी वाटतं, मी अब्रू झाकायला सिडला पुढे करतोय. चोवीस वर्षांचा मी असता तर हेच म्हणाला असता. म्हणू दे. त्याच्याकडे तरी दुसरं काय होतं?

मागच्या महिन्यात भाचीला दिली. तिच्या बाबांच्या जुन्या गाडीत सीडी चालते. चार दिवसांनी तिचा फोन: "मामा, अगदी शेवटी बदकं ओरडल्यासारखं काहीतरी येतं. सीडी खराब आहे का?"

नाही म्हटलं, ते तसंच आहे.

"आणि ते 'एकोज' भारी आहे, पूर्ण पाठ झालं."

पूर्ण. मी म्हटलं, छान. 'मेडल'चं अजून बोललेलो नाही.