बुडापेस्टमधला पंचम

बुडापेस्टची सगळ्यात जुनी मेट्रो १८९६ सालची. डबे पिवळे, बुटके, अगदी खेळण्यातल्यासारखे. मोजक्या पायऱ्या उतरलं की फलाट. शनिवारी सकाळी मी तिने व्होरोश्मार्ती स्टेशनवर उतरलो. समोरच आंद्राशी रस्त्यावरची जुनी संगीत अकादमी. १८८१ ते ८६ हंगेरियन संगीतकार फ्रांझ लिस्ट इथे पहिल्या मजल्यावर राहत असे. त्याच्या घरात आता संग्रहालय आहे आणि शेजारच्या छोट्या सभागृहात शनिवारी अकराला मैफल होते. आधी मुकाट्याने कोट जमा करायचा, मग आत जायचं.

एकच पियानो, एकच तरुण वादक मुलगी. सुरुवात लिस्टच्या ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी’ नावाच्या पियानोरचनांपैकी एकीने. कार्टूनमधलं मांजर वाजवतं ती नव्हे, वेगळी. आधी संथ ‘लॉश्शू’, मग वेगवान ‘फ्रिश्श’. विलंबितातून द्रुतात जाणाऱ्या आपल्या कानांना हे समजावून सांगावं लागत नाही. ज्या स्वरमालेला हंगेरियन मायनर म्हणतात तिचे स्वर तर ओळखीचेच निघाले. तोडी रागातला कोमल रिषभ शुद्ध करा, झालं! दाक्षिणात्य मंडळी यालाच सिंहेंद्रमध्यमम् म्हणतात. अर्थात स्वर तेच असले म्हणून राग होत नाही. इथे ना मींड, ना आंदोलन. तरी मी उगाचच मान डोलवत होतो. शेजारच्या आजींनी एकदा वळून पाहिलं.

मग हंगेरियन संगीतकार बार्टोकची रचना आली आणि गेली. त्याने खेडोपाडी फोनोग्राफ नेऊन लोकगीतं गोळा केली, ती माती ऐकू येत होती. पण वादक ते जरा घाईत वाजवत होती असं मला वाटलं.

मग लिगेती या संगीतकाराचं ‘मुझिका रिचेर्काता’. १९५१ ते ५३ या काळात लिहिलेले अकरा तुकडे. पहिल्यात एकच स्वर. खर्जात, मध्यात, तारात, हळू, मग धावत, पण तोच. आपण मनातल्या मनात त्याला ‘सा’ मानून बसतो. दुसरं करणार काय? आणि अगदी शेवटी, पहिल्यांदाच, दुसरा स्वर पडतो. तो ऐकला आणि अंगावर काटा आला. हाच षड्ज होता! इतका वेळ जो ‘सा’ धरून बसलो होतो, तो पंचम निघाला. तानपुऱ्याची पहिलीच, पंचमाची तार छेडत राहावी आणि षड्जाच्या जोडाच्या तारेपर्यंत हात जाऊच देऊ नये, तसं त्याने आम्हाला ताटकळत ठेवलं होतं.

त्यानंतर संगीतकार कुर्तागचे ‘याटेकोक’, म्हणजे ‘खेळ’, त्यातले काही. एखादा मिनिटभराचाही नाही. कुठे तळहाताने पट्ट्या दाबायच्या, कुठे मुठीने. आजी गालात हसत होत्या. शेवटी टाळ्या आधी विस्कळीत, मग हळूहळू सगळ्या सभागृहाची एकच लय. इथली ही रीतच आहे. मी दोनदा मात्रा चुकलो.

निघताना लिस्टचं घर पाहिलं. त्याच्या लिहायच्या टेबलात खण असावा तशा पियानोच्या पट्ट्या बसवल्या आहेत, तीन सप्तकं. सुचलेला स्वर उठून जाण्याआधी तपासून पाहायची सोय. मी नजरेनेच त्यातला लिगेतीचा पंचम शोधला आणि त्याच्या वरचा सा. बोट पुढे झालंच होतं. राखणदार बाईंनी नुसती भुवई उचलली.