टायर आधी, उंची नंतर : धुळ्यातल्या आमच्या दुकानाची वाटचाल

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. आमच्या घराची चूल आजवर पेटली ती या चौफुलीच्या जिवावर. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकान ट्रकच्या पाट्यांचं, म्हणजे भार झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं. भट्टी, ऐरण, घण आणि दाराशी तुटलेल्या मेन पाट्यांचा ढीग. माल जास्त भरलेला ट्रक लंगडत यायचा. पाटे उतरवायचे, तापवून कमान द्यायची, बुश बदलायचे, यू-बोल्ट आवळायचे आणि गाडी रातोरात रस्त्याला लावायची. आज त्याच जागेत थार, जिम्नी आणि जुन्या जिप्स्यांना मोठे टायर आणि लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करायचं सामान, बसतं. बाहेरगावची मंडळी विचारतात, खान्देशात हा धंदा तुम्हाला सुचला कसा? सुचला वगैरे काही नाही. महामार्ग चौपदरी झाले, ट्रक शहराबाहेरून जाऊ लागले, नव्या ट्रकांना कमी संख्येचे जाड पॅराबोलिक पाटे आले. ते तुटले की लोक नवेच घालतात, कमान द्यायला कोण थांबतो? हाताला काम हवं होतं, आणि ते सातपुड्यातून उतरून आलं.

नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा जिल्हा झाला. त्याआधी शहादा, धडगाव, तोरणमाळ, मोलगी हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता, त्यामुळे कचेरीच्या कामाला आणि गाडीच्या सामानाला माणसं इकडेच यायची. त्या भागात वडाप चालायचं ते कमांडर आणि ट्रॅक्सवर. आत माणसं, टपावर माणसं, मागे लटकलेली वेगळीच. ड्रायव्हर दुकानात शिरला की एकच वाक्य : "गाडी बसनी भाऊ, एक पाटा वाढाई दे." आप्पा पाटा वाढवायचे. गाडी उंच व्हायची, भार झेलायची. पण रिकामी परतताना खडीवर इतकी उडायची की ड्रायव्हरचं डोकं टपाला लागायचं.

आमच्या आजच्या कामाचं मूळ तिथंच आहे. पाटा वाढवला की उंची मिळते, पण गाडी कडक होते. माणसं वाहणाऱ्या गाडीला ते चालून जातं. दगडगोट्यांच्या नाल्यातून जाणाऱ्या गाडीला मात्र उलटं हवं असतं. तिचं एक चाक दगडावर चढलं तर दुसरं खाली खड्ड्यात पोचलं पाहिजे, जमिनीला धरून राहिलं पाहिजे. कडक पाट्यांवर ते अधांतरी लटकतं, नुसतं फिरतं आणि गाडी जागच्या जागी थांबते. म्हणून जिप्सी किंवा महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप आली की आम्ही पाट्यांची संख्या वाढवत नाही. पातळ पाट्यांना जास्त कमान देतो, पाट्यांच्या टोकांचं घर्षण कमी करतो आणि शॉकअप लांब घालतो. शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी कडी, लांब करून उंची काढायची युक्ती सगळ्या गॅरेजवाल्यांना ठाऊक आहे. तिचा हिशोब मात्र फार थोडे गिऱ्हाइकाला सांगतात : शॅकल दोन इंच वाढवली तर गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागचं हलत नाही. वर पुढचा एक्सल फिरतो आणि स्टेअरिंग वळणानंतर सरळ व्हायचा कंटाळा करतं. इतर ठिकाणी लांबच लांब शॅकल लावून आलेल्या जीप आम्ही पाहिल्यात. महामार्गावर साठच्या पुढे गेलं की पुढची चाकं थरथरायला लागतात, ब्रेक मारून गाडी उभी केल्याशिवाय ती थरथर जात नाही. अशा गाडीचं काम आम्ही लांब शॅकल काढण्यापासूनच सुरू करतो, मालकाला कितीही वाईट वाटो.

दुसरा मोठा गिऱ्हाईक वर्ग आला जळगावकडून. रावेर, सावदा, फैजपूर, यावल हा केळीचा पट्टा. पावसाळ्यात बागेपर्यंत जायचं तर काळ्या मातीतली शिवाररस्त्याची वाट. त्यांची मागणी अजून तीच : "गाडी चिखलमा फसनी, उची करी दे भो, जितली व्हई तितली." इथं आम्ही आधी माणसाला चहा पाजतो, मग त्याला गाडीखाली वाकायला लावतो.

खाली काय दिसतं? सलग एक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या एक्सलवर असलेल्या, गाडीत जमिनीला सगळ्यात जवळ असतो हौसिंगचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल. तो चाकाच्या मध्याशी बांधलेला. स्प्रिंगवर चार इंच चढवा की सहा इंच, वर जाते ती बॉडी. गोळा आहे तिथंच राहतो, आणि चिखलात रुततो तो गोळाच. त्याला वर नेणारी वस्तू एकच, टायर. आणि टायरही व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मंच उचलतो. जिम्नीचं उदाहरण घ्या. कंपनीचा टायर १९५/८० आर १५. रुंदी १९५ मिलिमीटर, तिच्या ८० टक्के म्हणजे १५६ ही रबराची उंची, वर-खाली मिळून ३१२, त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की व्यास ६९३. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास होतो ७३३. चाळीस मिलिमीटर वाढले, गोळा वीस मिलिमीटरच उचलला गेला. अंगठ्याच्या रुंदीएवढा. हा हिशोब आम्ही खडूने फरशीवर मांडून दाखवतो, आणि निम्मी माणसं तिथंच खर्चाचा बेत बदलतात.

मग लिफ्ट कशाला हवी? त्याची कारणं दोन. मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा लागते, नाहीतर पूर्ण वळवल्यावर आणि खड्ड्यात आपटल्यावर तो प्लास्टिक आणि पत्रा घासतो. दुसरं म्हणजे बांध ओलांडताना किंवा नाल्यात नाक घालताना पुढचा बंपर, पोट आणि मागचा बंपर टेकू नयेत. म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. गाडी कुठल्या वाटेने जाते ते आधी विचारायचं, त्यावरून टायर ठरवायचा आणि त्या टायरला जेवढी लागते तेवढीच उंची द्यायची. बहुतेक वेळा दीड-दोन इंचात काम भागतं. त्यापुढे सगळंच बिघडायला लागतं : प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस, म्हणजे शाफ्टचे सांधे, लवकर जातात, ब्रेकचे होज ताणले जातात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. जिम्नीत एक्सलला आडवा धरणारा दांडा असतो. गाडी उचलली की तो एक्सलला एका बाजूला ओढतो आणि पुढच्या एक्सलचा कॅस्टर, म्हणजे स्टेअरिंग आपोआप सरळ करणारा मागचा झुकाव, कमी होतो. कॅस्टरचे बुश आणि कमीजास्त करता येणारा दांडा घातल्याशिवाय आम्ही जिम्नी बाहेर सोडत नाही.

चिखलासाठी सगळ्यांना एमटी टायर हवा असतो, मोठ्या खोबणीचा. दिसायला तो रुबाबदार, हे मान्य. पण आपली काळी माती चिकट. खोबणी भरल्या की टायरचं लाटणं होतं, आणि चाक जोरात फिरल्याशिवाय ती माती झडत नाही. वर डांबरी रस्त्यावर गुणगुण, ओल्या रस्त्यावर पकड कमी, रबर लवकर झिजतं. आठवड्यातून एकदा शेतात आणि रोज जळगाव-भुसावळ करणाऱ्याला मध्यम खोबणीचा एटी टायरच बरा. हवा कमी करायची सवय लावली तर त्याचाही चिखलात पुष्कळ उपयोग होतो. शेतात शिरताना अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो, वजन वाटलं जातं. डांबरीवर यायच्या आधी परत भरा. भरायला विसरलात तर महामार्गाच्या वेगात टायरच्या बाजू तापतात, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा पंचेचाळिशीला गेला की तापलेल्या टायरची हवा मोजून उपयोग नाही, सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजावी.

२०१० नंतरची जुनी थार येऊ लागली तेव्हा तिच्या सीआरडीई डिझेल मॉडेलला पुढच्या बाजूला पाटे नव्हते, टॉर्शन बार, म्हणजे पिळाने स्प्रिंगचं काम करणारे दांडे, होते. बोल्ट फिरवला की पुढची बाजू वर येते. फुकटात उंची मिळते म्हणून पोरं खूश. पण चाकाला खाली लटकायला उरणारी जागा त्या बोल्टने खाल्लेली असते, म्हणून प्रत्येक खड्ड्यात पुढून टक् असा आवाज येतो. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली आणि दुकानाचं रूपच पालटलं. पुढे प्रत्येक चाकाला स्वतंत्र कॉइल, म्हणजे वेटोळ्याची स्प्रिंग, मागे सलग एक्सल आणि कॉइल. पाट्यांची भट्टी कोपऱ्यात गेली. अलाइनमेंट मशीन नसेल तर अशा गाडीला हात लावू नये असं आमचे जुने मिस्त्री चाचा म्हणाले, आणि ते बरोबर होतं. २०१५ ला सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या तरुण गटात तेव्हा १० लाखांपर्यंत कर्ज मिळायचं; त्यातून मशीन आलं. हप्ते भरताना मशीनचा राग यायचा. आता वाटतं, दुकानात खरा पैसा तेच कमावतं.

नव्या थारमध्ये पुढच्या स्प्रिंगवर ठेवायची लोखंडी किंवा पॉलीची चकती, म्हणजे स्पेसर, स्वस्तात मिळतो. पुढची स्प्रिंग चाक धरणाऱ्या आर्मच्या टोकाला नसते, आतल्या बाजूला असते, त्यामुळे वर घातलेल्या जाडीपेक्षा चाकापाशी उंची जास्त वाढते. हे माहीत नसलेला माणूस दोन इंची स्पेसर पुढे आणि दोन इंची मागे घालतो, आणि गाडी नाक वर करून उभी राहते. एक्सलच्या जॉइंटचं बूट, म्हणजे रबरी आवरण, तिरकं पडून फाटतं, ग्रीस उडतं, धूळ आत जाते. आम्ही पूर्ण कॉइल आणि जुळणारे शॉकअप सुचवतो. परवडत नसेल तर पातळ स्पेसर लावतो आणि तीन महिन्यांनी बूट दाखवायला बोलावतो.

याच थारबाबत आमची एक शिफारस बऱ्याच जणांना पटत नाही. वरच्या मॉडेलला २५५/६५ आर १८ टायर येतो, त्याच्या बाजूची उंची १६६ मिलिमीटर. दुसऱ्या मॉडेलला कंपनीच २४५/७५ आर १६ देते, बाजूची उंची १८४. तोरणमाळच्या दगडांत रिम वाचवायचा असेल तर सोळाचा रिम आणि उंच बाजूचा टायर घ्या. व्यास जवळपास तोच राहतो, लिफ्टही लागत नाही. मोठा रिम काढून छोटा लावायला पैसे द्यायचे, हे ऐकून माणसं आमच्याकडे बघतच राहतात. पण त्यातले कितीतरी पुढच्या पावसाळ्यात परत येऊन तेच करून घेतात.

टेस्टिंगसाठी ट्रॉलीच्या जुन्या चॅनलचा एक रॅम्प आवारात उभा केलाय. एक पुढचं चाक त्यावर चढवायचं, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवायचं, आणि टायर कुठे घासतो, होज कुठे ताणतो, शॉकअप कुठे संपतो हे खाली झोपून बघायचं. मग मालकाला शेजारी बसवून एक चक्कर. वेगाच्या काट्याचं तेव्हाच सांगतो : मघाच्या जिम्नीत काटा ८० दाखवेल तेव्हा चाक पूर्वीच्या हिशोबाने ८५ च्या आसपास धावत असेल. कंपनीचा काटा मुळात थोडा पुढे असतो म्हणून ते जाणवत नाही, पण किलोमीटर कमी नोंदले जातात आणि मायलेज उगाच पडल्यासारखं दिसतं. चढावर पिकअपही थोडा मरतो. मागच्या दारावरचं पाचवं चाक मोठं झालं की बिजागऱ्या ओघळतात. तिथं आधार द्यावा लागतो.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबद्दल आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या निकालानंतर काही महिने आमचा धंदा जवळजवळ बसला. एमएच १८, १९ आणि ३९ च्या, म्हणजे धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या, गाड्यांचे मालक फोन करून विचारायचे, पकडतील का? त्या दिवसांपासून आम्ही हे कलम काम सुरू करायच्या आधीच मालकाला वाचून दाखवतो, विमा कंपनीला लेखी कळवायला सांगतो, आणि जुने रिम, टायर, स्प्रिंग पोत्यात बांधून त्याच्या घरी पाठवतो. यामुळे काही गिऱ्हाइकं निघून जातात. जाऊ देत. बॉडी आणि चेसिसच्या मधे ठोकळे घालायचं काम आणि चार इंची लिफ्ट आम्ही घेत नाही. वरातीत थार उंच दिसावी म्हणून येणारे नवरदेव दर लग्नसराईत येतात. त्यांना आम्ही टायर धुऊन काळं पॉलिश मारून देतो, त्यावरच भागतं.

सध्या भट्टी पूर्ण बंद केलेली नाही. अक्कलकुवा, धडगावकडच्या जुन्या जीप अजून पाट्यांसाठी येतात आणि चाचा त्या दिवशी खुशीत असतात. माझा पुतण्या अलाइनमेंट आणि शॉकअपचं काम बघतो, त्याला फोर्सच्या गुरखा गाडीचं आणि जिम्नीचं वेड. यंदा त्याच्या हट्टाने शॉकअप उघडून आतलं तेल आणि सील बदलायचं टेबल घेतोय, म्हणजे महागडा शॉकअप गळला की फेकून द्यावा लागणार नाही.

येणाऱ्यांना एवढंच सांगणं, टायर आधी मागवून मग आम्हाला फोन करू नका. गाडी जशी रोज चालते तशीच आणा, मागे फवारणीचा पंप असेल तर पंपासकट, आणि आरसी बरोबर ठेवा. पावसाळ्याआधीच्या महिन्यात रांग लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर रॅम्प मोकळा असतो आणि चाचांकडे बोलायला वेळही.