तीसच्या पाटीपाशी

आज पारोळ्याहून धुळ्याला येताना महामार्गावर एका ठिकाणी दुरुस्तीचे काम चालू होते. तीसची पाटी मुरुमाच्या ढिगाआड अर्धी झाकलेली होती आणि मी, खरे सांगायचे तर, साठच्या खाली आलोच नव्हतो. डोक्याला उपरणे गुंडाळलेला एक मजूर लाल फडके हलवत पुढे आला आणि माझी गाडी जाताना दोन पावले मागे सरला. ती दोन पावले घरी आल्यावरही डोळ्यांसमोरून जाईनात.

मोटार वाहन कायद्याचे कलम 183 काढून वाचले. 2019 च्या दुरुस्तीनंतर वेगमर्यादा मोडल्यास हलक्या वाहनाला 1000 ते 2000 रुपये, मध्यम व अवजड वाहनाला 2000 ते 4000 रुपये दंड आहे आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास परवाना जप्त होतो. परंतु रस्त्यावर माणसे काम करीत असतील तर दंड वाढावा, असे त्या कलमात कुठेही नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात मजूर हजर असताना हा दंड दुप्पट होतो. पाटी झाकणाऱ्या ठेकेदारावरही माझा राग आहेच, पण तो मजूर मला पाटीशिवायही दिसत होता.