हॅम्बुर्गच्या वर्गात पार्थिव गणपती

हॅम्बुर्ग विद्यापीठात मी संस्कृतीचे तत्त्वज्ञान शिकते, असे फोनवर सांगितले की ‘म्हणजे सणवार आणि चालीरीती का?’ हा प्रश्न ठरलेला असतो. प्रश्न रास्त आहे. फक्त हा विषय त्याच्या एक पायरी मागे जाऊन, सण साजरा करणे माणसाला मुळात कशामुळे शक्य होते, असे विचारतो.

हे विद्यापीठ १९१९ मध्ये स्थापन झाले आणि त्याच वर्षी जर्मन तत्त्वज्ञ एर्न्स्ट कासिरर येथे प्राध्यापक झाले. १९२३ ते १९२९ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘प्रतीकरूपांचे तत्त्वज्ञान’ या ग्रंथात त्यांनी असे मांडले, की माणसाला जग थेट भेटत नाही, ते भाषा, मिथक, विज्ञान अशा रूपांतूनच आकळते. १९३३ मध्ये नात्झी सत्तेवर आल्यावर ज्यू असलेल्या कासिररांना देश सोडावा लागला. कलेतिहासकार आबी वारबुर्ग यांच्या ज्या ग्रंथालयाचा त्यांना मोठा आधार होता, त्याची हजारो पुस्तकेही त्याच वर्षी बोटीने लंडनला गेली. त्या इमारतीतील लंबवर्तुळाकार वाचनकक्ष मात्र आजही पाहता येतो.

मिथकावरील दुसऱ्या खंडाच्या चर्चासत्रात मला टिपण वाचायचे होते. मिथकात प्रतिमा वस्तूची खूण नसते, ती वस्तूच असते. धर्मात माणूस प्रतिमेला प्रतिमा म्हणून ओळखतो, तरी तिच्यावाचून त्याचे चालत नाही, असा भेद कासिरर करतात. उदाहरण म्हणून मी आपला पार्थिव गणपती घेतला आणि, शाळेतल्या निबंधाच्या सवयीने, मूर्ती हे देवाचे प्रतीक आहे असे सांगून टाकले. पुढे मी प्राणप्रतिष्ठेचा विधी समजावत असताना समोरच्या बाकावरील विद्यार्थिनीने शांतपणे विचारले, की मूर्ती केवळ प्रतीक असेल, तर तिच्यात प्राण कशासाठी आणायचे?

मला एकदम आजोबा आठवले. दीड दिवसाच्या उत्तरपूजेनंतर अक्षता वाहून ते मूर्ती किंचित जागची हलवत, आणि घटकाभरापूर्वी जिच्यापुढे हात जोडले तिच्याविषयी ‘आता उचला’ असे अगदी साध्या आवाजात म्हणत. माती आहे हे त्यांना आधीही ठाऊक होते आणि देव होता याविषयी नंतरही शंका नव्हती; कासिररांनी मिथक आणि धर्म यांच्यात आखलेली रेषा आमच्या ओटीवर दीड दिवसात दोनदा ओलांडली जात होती.

टिपण संपल्यावर येथील रीतीप्रमाणे सर्वांनी बाके ठोकून दाद दिली, पण त्या विद्यार्थिनीला उत्तर मिळाले नव्हते. सत्राअखेरच्या पंधरा पानी निबंधातील चार पाने मी मूर्ती हलवण्याच्या त्या एका कृतीवरच लिहिली आहेत.