मालवणला येतोय, मोरी खाऊ का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर दिवाळीचं बुकिंग घेताना फोनवर एवढं बोलायला वेळ कुठे असतो. मोरी म्हणजे शार्कच, आणि शार्क संपत चाललेत असं कुठेतरी वाचलेलं असतं आणि मोरीचं मटण तर खायचं असतं, मग काय करायचं?

माझं उत्तर एवढंच, की कुठली मोरी ते बघा आणि मग ठरवा.

लिलावाला टोपलीत हातभर लांबीच्या मोऱ्या पडलेल्या असतात, वरवर सगळ्या सारख्याच. त्यात चपट्या फावड्यासारखं तोंड असलेली जी असते ती जातच बुटकी, एक-दोन वर्षांत वयात येते, फूट-सव्वा फुटाची झाली की पिल्लंही देते. तिच्याच शेजारी तेवढ्याच लांबीची कानमुशी पडलेली असते, म्हणजे तुमचा हॅमरहेड, आणि ती मात्र नुकतं जन्मलेलं पोर असतं! उलटी करून बघा, गळ्याखाली दोन पंखांच्या मधे बारीक चीर दिसेल, कधी ओली, कधी मिटत आलेली. ती नाळेची खूण. हो, ह्यांना नाळ असते. ह्या पोरीला स्वतःची पिल्लं व्हायची तर आधी दोन मीटरच्या आसपास वाढायला हवं, आणि तेवढ्यात कितीतरी वर्षं जातात.

मुद्दाम मोरी धरायला आमच्याकडे फारसं कोणी जात नाही, पण ही पिल्लं किनाऱ्यालगत उथळ पाण्यात वाढतात आणि जाळीही तिथेच लागतात, वर ट्रॉलर तळ खरवडून जातो तो वेगळाच. बांगडा हजारोंनी अंडी सोडतो, त्याचं एखाद-दोन वर्षांत भरून निघतं. वागळीला (शार्कच्याच नात्यातला तो चपटा मासा) मात्र मोजकी पिल्लं, आणि जाळ्यातून वर ओढली की घाबरून ती होडीतच अर्धवट वाढलेली पिल्लं टाकते. २०२१ च्या जागतिक पाहणीत शार्क-वागळ्यांच्या एक तृतीयांशाहून जास्त जाती धोक्यात निघाल्या, कारण मुख्यतः अतिमासेमारी.

कायदे आहेत की. करवत मासा, व्हेल शार्क वगैरे २००१ पासून संरक्षित, आणि २०१५ पासून शार्कच्या परांच्या, म्हणजे पंखांच्या, निर्यातीवर बंदी. चांगलंच आहे, पण परांचं सूप इथे पितो कोण? इथे मांस खपतं, त्यामुळे त्या बंदीने टोपलीत काही फरक पडत नाही. आणि विकणाऱ्या काकी तर सांगणारच, "बारकी घेवा, कवळी आसता." त्यांचं चूक नाही, गिऱ्हाईकच बारकी मागतं.

(बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देतात ना, तेही जरा डॉक्टरांना विचारून, मोठ्या शार्कच्या मांसात पारा साठतो.)

तर आमच्याकडे मोरी मिळेल, पण फावड्या तोंडाचीच, आणि ती त्या दिवशी नसली तर बांगड्याचं तिखलं. कानमुशीचं पिल्लू बाहेरून आणून "करून द्या" म्हणालात तर आमची ही करून देणार नाही, आधीच सांगून ठेवतो.