चकाला ते घाटकोपर

टीम लीडर होऊन तीन महिने झाले. कामाचं टेन्शन नाही, माणसांचं येतं. आज मीटिंगमध्ये एका मुलाची चूक सगळ्यांसमोर काढली. तो मान खाली घालून बसला. नंतर दिवसभर माझ्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही.

संध्याकाळी चकाला मेट्रो स्टेशनवर दुसऱ्या डिपार्टमेंटच्या मॅडम भेटल्या. धीर करून विचारलं, "मॅडम, माणसं कशी सांभाळायची, मला शिकवाल?" माझ्या साहेबांना हे विचारायला जीभ रेटली नसती, अप्रेझल त्यांच्या हातात.

मरोळ नाक्यापर्यंत त्या फक्त ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "चूक कशी झाली, हे विचारलंस त्याला?"

नव्हतं विचारलं.

त्यांनी पर्समधून एक छोटी डायरी काढली. कडा झिजलेल्या, टीममधल्या प्रत्येकाला एक पान. कुणाची आई आजारी, कुणाला कसलं काम आवडतं, कुणाला शेवटचं शाबास कधी म्हटलं, तारखेसकट. साकीनाका, असल्फा कधी गेलं कळलंच नाही.

घाटकोपरला उतरताना म्हणाल्या, "दर गुरुवारी याच वेळी भेटू. पण आधी उद्या त्याच्याशी बोल."

आत्ताच त्याला मेसेज केलाय. सकाळी ९:३० ला, टपरीवर चहा.