क्रीम सीटवरची शाई: सांगलीच्या उन्हात चार रविवार

६ एप्रिल, रविवार

मेव्हण्याची डिझायर सकाळीच दारात येऊन लागली. आतून सगळी क्रीम. गाडी घेताना मीच म्हणालो होतो, "काळ्यात भट्टी होते, क्रीम घे," त्यामुळे निस्तरायची पाळीही माझीच. त्याची मार्केट यार्डात हळदीची अडत. फेब्रुवारी ते मे हा माणूस गाडीतच राहतो म्हटलं तरी चालेल. मांडीवर पट्टीबुक, खिशात दोन पेनं, दाराच्या कप्प्यात शिक्का आणि स्टँप पॅड, मागच्या सीटवर हळकुंडांच्या नमुन्याच्या पिशव्या.

"दाजी, जरा शाई सांडलीय," एवढंच फोनवर सांगितलं होतं.

प्रत्यक्षात तीन तऱ्हेची शाई निघाली. ड्रायव्हर सीटच्या रेक्झिन कव्हरवर (दुकानदार हल्ली आर्ट लेदर म्हणतात, म्हणोत बापडे) रुपयाएवढा निळा डाग आणि त्यातून ओढली गेलेली चार बोटं लांब रेघ. बॉलपेन खिशातून घसरलं, दुपारभर बंद गाडीत तापलं, रिफिलमधली शाई बाहेर आली आणि वर हा येऊन बसला. डाग दीड महिन्याचा. दाराच्या हात टेकायच्या प्लॅस्टिकवर स्टँप पॅडचे जांभळे ठसे. आणि छताच्या कापडावर, मागच्या सीटच्या बरोबर वर, निळ्या जेल पेनने काढलेलं घर, सूर्य आणि बहुतेक मांजर. चित्रकार वय वर्षे पाच.

चौथी गोष्ट त्याने सांगितलीच नव्हती, ती मला टॉर्च आडवा धरल्यावर दिसली. निळ्या डागाच्या शेजारी तळहाताएवढी जागा गुळगुळीत चकाकत होती. बाकी रेक्झिनवर बारीक दाणा आहे, तिथे तो नाहीच. बोट लावलं तर किंचित चिकट.

"हे काय केलंस?"

"घरी पेंटर होता कामाला. त्याच्याकडचा थिनर जरासा..."

जरासा! रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेलं मऊ पीव्हीसी, आणि त्यावर रंग टिकावा म्हणून एक अगदी पातळ झिलई. थिनर काय किंवा नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन काय, शाई उचलायच्या आधी ती झिलई खातं. डाग होता रुपयाएवढा, खराबी झाली तळहाताएवढी. शाई एक वेळ निघेल, तो दाणा कुठल्याच औषधाने परत यायचा नाही, हे त्याला तेव्हाच सांगून टाकलं.

आज सोपी कामं उरकली. स्टँप पॅडची शाई वाळू नये म्हणून त्यात ग्लिसरीनसारखं काहीतरी असतं, त्यामुळे ती पाण्याला दाद देते. बाळाच्या शांपूचा फेस, ओलं मायक्रोफायबर, जांभळं सगळं फडक्यावर. प्लॅस्टिकच्या खाचांत जरा राहिलं होतं, तिथे जुना टूथब्रश. पंधरा मिनिटांत दार स्वच्छ.

मागच्या सीटला कव्हर नाही, कंपनीचंच कापड आहे, आणि त्यावर हळदीची पूड. व्हॅक्यूमने निघेल तेवढी काढली, उरलेल्यावर साबणाचा फेस मारला आणि सीट कुंकवासारखी लाल झाली. सांगलीत जन्म घालवून मी हे विसरावं! हळदीतल्या करक्युमिनला साबणातला क्षार लागला की ते लाल होतं, लहानपणी हळदीच्या बोटावर चुना लावून हाच खेळ करायचो. व्हिनेगर टाकलेल्या पाण्याचं फडकं फिरवलं, पुन्हा पिवळं. मग दारं उघडी टाकली आणि उरलेलं काम उन्हावर सोपवलं. हळदीला ऊन सोसत नाही, यार्डात पोरासोरांनाही माहीत आहे.

इथेच घात झाला. मेव्हणा म्हणाला, "मग शाईलाही ऊनच दाखवू की." आणि मी, गल्लीतला तज्ज्ञ, हो म्हणालो.

८ एप्रिल

गाडी दोन दिवस उन्हात. मागच्या सीटवरची हळद आता सांगितल्याशिवाय दिसत नाही. शाईचं मात्र उलटंच झालं. रविवारी रेघेची कड ब्लेडने कापल्यासारखी होती, मोबाईलमध्ये फोटो आहे. आज तीच कड लव आल्यासारखी पुसट, आणि रेघ केसभर रुंद.

कारण शोधायला लांब जायला नको. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट प्लॅस्टिसायझर घातलेलं असतं. बॉलपेनची शाईही तेलकट. दोघांचं गोत्र एकच, शाईतला रंग हळूहळू त्या तेलात शिरतो. बंद गाडी तापली की आणखी भरभर शिरतो. म्हणजे दोन दिवस मी डाग काढत नव्हतो, मुरवत होतो. लोणच्यासारखा.

उन्हावरून आठवलं. मतदानाच्या शाईचा डाग कापडावर पडला असेल तर त्यालाही ऊन दाखवू नका. त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं आणि ते उजेडानेच काळं पडतं. १९६२ पासून मैसूरची कंपनी ती निवडणुकांसाठी बनवते आहे आणि निघू नये हाच तिचा धंदा. तिच्यावर स्पिरिट वाया घालवू नका.

१३ एप्रिल, रविवार

मिरजेला गेलो होतो. दवाखान्यांचं गाव, सर्जिकलच्या दुकानांना तोटा नाही. शाईसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं, स्पिरिटचाच एक प्रकार. मोबाईल दुरुस्तीवालेही हेच वापरतात, त्यांच्यात नुसतं आयपीए म्हटलं की कळतं. माझ्याकडचं ९९ टक्क्यांचं आहे. ते तसंच वापरायचं नाही. सात भाग आयपीए, तीन भाग बॅटरीत घालायचं पाणी. नुसतं मारलं तर शाई सुटायच्या आत उडून जातं, आणि झिलईलाही जास्त लागतं.

आधी सीटच्या खालच्या, कुणाला न दिसणाऱ्या कडेवर कापसाची काडी फिरवून पाहिली. काडी पांढरीच राहिली. क्रीम रंग आला असता तर तिथेच थांबलो असतो. मग सगळं कव्हर शांपूच्या फेसाने पुसून वाळवलं, नाहीतर मळ आणि शाई एकत्र होऊन करडा चिखल होतो. चारी दारं उघडी, पंखा लावलेला, आणि मेव्हण्याची सिगारेट गेटाबाहेर. हे पेट घेणारं द्रव्य आहे, बंद गाडीत वाफही डोक्यात जाते.

आता मुख्य काम. काडी बुडवायची, झटकायची, डागाच्या बाहेरच्या कडेवर टेकवायची आणि मध्याकडे लाटायची. घासायची नाही, लाटण्यासारखी फिरवायची. एक फेरा झाला की काडी टाकून द्यायची. दुसऱ्या फेऱ्याचा मोह झाला की त्याच काडीने काढलेली शाई परत सीटवर लागते. पहिल्या दहा काड्या गडद निळ्या. मग एक गंमत दिसली: वापरलेली काडी बाजूला ठेवली की कापसाच्या टोकाला निळं आणि मागे सरकत गेलेलं जांभळं असे दोन पट्टे पडतात. बॉलपेनचा निळा म्हणजे एक रंग नाहीच, निळ्या-जांभळ्या रंगद्रव्यांची मिसळ असते आणि स्पिरिट ती फोडतं. पुढे पुढे काडीवर जांभळंच जास्त येत गेलं.

चौसष्ट काड्या. मोजल्या, कारण मेव्हणा शेजारी बसून मोजत होता. काड्यांची दोन पाकिटं संपली, चहाही दोनदा झाला. मध्ये एकदा त्याने फडकंच ओलं करून जोरात पुसू का, असं विचारलं. मी थिनरच्या जागेकडे नुसतं बोट दाखवलं.

शेवटी हिशेब असा: रेघ गेली. डाग बारा आणे गेला, चार आणे राहिला. उरलेला काडीला येतच नाही. तो वर नाहीच, आत उतरलाय. यात माझ्या दोन दिवसांच्या उन्हाचा वाटा किती, ते मेव्हण्याला सांगितलेलं नाही.

१९ एप्रिल

आत मुरलेल्या रंगाला बाहेर ओढता येत नसेल तर जागेवरच मारायचा. जुन्या बाहुल्या जमवणाऱ्यांची ही युक्ती आहे. बाहुल्याही व्हिनाईलच्या, म्हणजे मऊ पीव्हीसीच्याच, आणि पोरं त्यांच्या तोंडावर पेनच चालवतात. औषध म्हणजे मुरुमांवर लावायची बेंझॉइल पेरॉक्साइडची जेल, ५ टक्क्यांची. ती व्हिनाईलमध्ये सावकाश उतरते आणि रंगद्रव्य ऑक्सिडाइझ करून फिकं करते. यात दोन धोके. रेक्झिनचा स्वतःचा रंगही उडू शकतो, म्हणून गडद सीटवर हे करायचं मी धाडस करणार नाही. आणि कापडाला लागली की कापडाचा रंग जातोच.

खालच्या कडेला चोवीस तास लावून पाहिली. फरक नाही. मग कव्हरचे हुक आणि इलॅस्टिक सोडून ते अख्खं काढलं आणि गच्चीवर नेलं. गाडीच्या आत केलं असतं तर काचेतून ऊन अर्धवट, गरमी मात्र पुरेपूर मिळाली असती. डागावर जेलचा थर, पोळीला तूप लावतो त्यापेक्षा जाड, वर क्लिंग फिल्म आणि कडेने चिकटपट्टी, म्हणजे वाळत नाही.

गच्चीवर आईच्या कुरडया वाळत होत्या. साडीच्या एका टोकाला कुरडया, दुसऱ्या टोकाला सीट कव्हर. "त्या औषधाचा वास माझ्या कुरडयांना लागला तर बघ," म्हणाली. कव्हर पाण्याच्या टाकीपलीकडे हलवलं.

२० ते २३ एप्रिल

रोज दहा ते चार ऊन, संध्याकाळी पुसून धुणं, सकाळी नवा थर. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी डागाचा निळा राखाडीकडे झुकला. तिसऱ्या दिवशी कड कुठे संपते ते बोटाने दाखवता येईना. चौथ्या दिवशी थांबलो, कारण जिथे जेल होती तेवढा गोल बाकीच्या सीटपेक्षा अर्धी छटा उजळ दिसू लागला. समोरून डाग दिसत नाही, बाजूने वाकून पाहिलं तर माझ्यासारख्याला दिसतो.

ज्या उन्हाने डाग मुरवला त्याच उन्हात तो गेला. पण जेल नसती तर आणखी मुरला असता, तेव्हा हे वाचून कोणी गाडी नुसतीच उन्हात लावू नये.

नुकसान: गडद निळा टॉवेल. हात पुसले होते, दुसऱ्या दिवशी त्यावर नारिंगी पंजे उमटले. बायकोने तो घडी करून माझ्याच गाडीच्या सामानात ठेवला, काही बोलली नाही.

२७ एप्रिल, रविवार

कव्हर चढवलं. वर मॅट फिनिशचं व्हिनाईल प्रोटेक्टंट पातळ फिरवलं, चकाकणारं मुद्दाम टाळलं, नाहीतर थिनरची जागा आणखी उठून दिसते. ती आहे तशीच आहे. चिकटपणा गेला पण आता तिथे रेक्झिन कडक झालंय, दाबलं की कुरकुरतं. वर्षभरात तिथूनच चीर जाईल असा माझा अंदाज.

शेवटी छत. हे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. छताचं कापड पातळ फोमवर, फोम पुठ्ठ्यासारख्या पाट्यावर, सगळं गोंदाच्या जिवावर. पाणी किंवा स्पिरिट आत झिरपलं की गोंद सुटतो आणि कापड मांडवासारखं खाली येतं. म्हणून नुसता फेस, तोही फडक्यावर घेऊन, टिपत टिपत. जेल पेनची शाई पाण्यात कालवलेली असते, पण बऱ्याच जेल पेनांत विरघळणारा रंग नसून बारीक कण असतात. ते धाग्यात अडकतात, स्पिरिटला जुमानत नाहीत. तीन फेऱ्या केल्या, प्रत्येक फेरीनंतर तासभर वाळू दिलं.

घर गेलं, सूर्य गेला. मांजराचं अंग गेलं, शेपटी राहिली, तिथे पेन जास्त दाबलं होतं. चौथी फेरी घेणार होतो, पण कापडाला हात लावला तर एका जागी ते फोमवरून किंचित सरकल्यासारखं वाटलं. फडकं खाली ठेवलं.

संध्याकाळी गाडी न्यायला मेव्हणा पोरीला घेऊन आला. ती मागच्या सीटवर आडवी झाली, वर बघितलं आणि म्हणाली, "मामा, मांजर कुठं गेलं?" शेपटी दाखवली. ती पडल्या पडल्या बोटाने उरलेलं मांजर हवेत पूर्ण करत होती. पेन तिच्या हातात नाही ना, हे मी दोनदा बघितलं.